निम्मं म्हणजे कशाचं?

६ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार-चमत्कार झाले असं समजा आणि पुढे वाचा. पाकीट बघून दचकू नका, घरातले सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधी तेच सांगते. एक तर मी टपाल कचेरीत पत्रं वेगळी करते आणि माझ्याच घरचे लोक एकमेकांना फोन करतात, म्हणजे माझ्या पोटावर पाय. दुसरं म्हणजे मी फोन कानाला लावला की तुमचे दादा शेजारी येऊन बसतात. कोण आहे, काय म्हणतोय, त्याला माझं विचार, असं चालू होतं. मनातली दोन वाक्यं बोलायची सोय नाही. तेव्हा उत्तर कचेरीच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

बातमी अशी की यांना नवी गोळी सुरू झाली आहे. रक्तदाबाची एक होतीच. तुमच्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता हे डॉक्टरीणबाईंना कळलं, तेव्हा त्या म्हणाल्या की तसं तुम्हाला होऊ नये म्हणून ही दुसरी घ्या. सोबत माहितीचं एक छापील पान दिलं. यांनी दवाखान्याच्या दारात ते वाचलं आणि खाली, अगदी कोपऱ्यात, तुमची आद्याक्षरं दिसली.

मग काय विचारता. आपल्या काचेच्या दुकानात जाऊन यांनी जेवणाच्या टेबलाच्या मापाची काच कापून आणली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि ते पान काचेखाली ठेवलं. आता गरम भांडं ठेवायला मला टेबलाचा एक कोपरा उरलाय. घरी कोणीही आलं, अगदी विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा, की त्याला बसवून बोट ठेवून वाचून दाखवतात, 'पक्षाघाताचा धोका निम्म्याने कमी.' आणि वर, 'आमच्या धाकट्याने लिहिलंय.' तुमच्या तोंडावर त्यांनी कधी तुमचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही, म्हणून मुद्दाम कळवते.

एकच विचारायचं होतं. त्या पानाच्या शेवटी लिहिलंय, 'काही रुग्णांना सौम्य स्वरूपाची चक्कर.' हे सौम्य म्हणजे किती? इथे कोणाला काही झालेलं नाही. परवा खिडकीची काच बसवताना हे शिडीच्या तिसऱ्या पायरीवर जरा टेकले होते, पण ऊन फार होतं असं म्हणाले. आपलं सहज विचारलं.

तुमची वहिनी

---

१५ फेब्रुवारी

वहिनींना लांबूनच वाकून नमस्कार. खुर्चीत बसून पाठीचा पार बोजवारा उडालाय, म्हणून फार वाकलो नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा कचेरीत सगळे जमा झाले. हातानं लिहिलेलं पाकीट आमच्याकडे कोणी पाहिलेलंच नाही. काचेखालच्या पानाचं वाचून मी उठून पाणी प्यायला गेलो. दादाने माझं कौतुक केलं, तेही परक्या माणसापुढे. डोळे भरून आले, खरंच सांगतो, पण हे त्याला कळवू नका, नाहीतर काच काढून टाकेल.

आमचं काम कसं चालतं ते एकदा सांगतो, म्हणजे त्या पानाची गंमत कळेल. औषधाचा मूळ अभ्यास असतो दीडदोनशे पानांचा. डॉक्टरांना तो वाचायला वेळ नसतो आणि रुग्णाला कळत नाही. आमची संस्था त्याचं एक पान करते. आता, ज्याने फायदा रंगवून लिहिला त्याचा हात तोटा लिहिताना आखडतो, हा आमचा जुना अनुभव. म्हणून आमच्याकडे दोन टेबलं आहेत. फायदे माझ्याकडे आणि तोटे समोरच्या बाईंकडे. त्यांना सगळे तोटेवाल्या बाई म्हणतात, त्याही रागावत नाहीत. आमच्या मध्ये फायलींचं एक उंच कपाट आहे. मी वरचं अर्धं पान लिहितो, त्या खालचं अर्धं, टंकलेखक दोन्ही जोडतो आणि पान छपाईला जातं. कोणी कोणाच्या लिखाणात नाक खुपसायचं नाही हा नियम.

सौम्य म्हणजे काय, ते मी बाईंना कपाटावरून ओरडून विचारलं. चक्कर येऊन दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही आणि ती आपोआप गेली, तर ती सौम्य. व्याख्या अशी ठरलेली आहे. तेव्हा दादाने निर्धास्त गोळी घ्यावी. अहो, निम्म्याने धोका कमी करणारं औषध रोज हाती लागत नाही. आमच्या साहेबांना तर ते पान एवढं आवडलंय की यंदाचं उत्तम पान म्हणून त्यांनी ते फलकावर लावलंय. बढतीचंही कानावर येतंय, पण पक्कं होईपर्यंत तुम्ही मूग गिळून बसा.

उन्हात काम कमी करायला सांगा. तो ऐकणार नाही हे मला माहीत आहे.

तुमचा धाकटा दीर

---

११ मार्च

भाऊजी,

मागच्या पत्रात मी हातचं राखून लिहिलं होतं. तिसऱ्या पायरीवर हे टेकले नव्हते. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, डोळे मिटून उभे होते, आणि मी डबा द्यायला गेले तेव्हा मला ते दिसलं. ऊनबीन काही नव्हतं, सावलीतली भिंत होती ती.

आता जे झालं ते सांगते. गेल्या आठवड्यात एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मोठी काच बसवत होते. ती वरून खाली गेली. खालचा रस्ता दोरी लावून बंद केलेला होता, म्हणून कोणाला लागलं नाही. घरी येऊन मला सांगितलं की काच धरायची रबरी चकती सुटली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नवी चकती विकतही आणली. खरं काय ते मला यांच्या भागीदाराकडून कळलं. तो आमच्या कचेरीच्या खिडकीवर टपालाची तिकिटं घ्यायला आला. त्या माणसाने जन्मात कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हाच मी ओळखलं. तो म्हणाला, वहिनी, चकतीला काही झालेलं नव्हतं, दादांचे पाय लटपटले, मी मागून कंबर धरली म्हणून नुसती काचच खाली गेली.

मी यांना म्हटलं की एक तर गोळी सोडा नाहीतर शिडी सोडा. यांनी मला टेबलापाशी नेलं आणि काचेवर बोट ठेवलं. सौम्य आहे, धाकट्याने लिहिलंय. अहो, डोळे मिटून शिडीला लटकणारा माणूस मला सांगतो की मला काही होत नाही, कारण छापलंय. 

आणखी एक ऐका. रक्तदाबाच्या गोळीनेही म्हणे धोका निम्म्याने कमी होतो आणि हिनेही निम्म्याने. यांनी दोन्ही निम्मे मिळवून पूर्ण केलं. धोका संपला. संध्याकाळचं चालणं बंद, मिठाची बरणी परत टेबलावर. मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण तुम्हाला वाटेल की ही वहिनी एवढी तोंडाळ, मग गोळी उचलून फेकून का देत नाही. सांगते. निम्म्याने कमी म्हणजे शंभरातले पन्नास वाचले, बरोबर ना? म्हणजे गोळी सोडली तर शंभरातल्या पन्नास जणांना झटका येणार. मी तुमच्या घरात आले तेव्हा बाबांची शेवटची तीन वर्षं होती. चमच्याने भरवलंय मी त्यांना. ते यांच्या वाट्याला यावं असं मी माझ्या हाताने कसं करू? म्हणून रोज सकाळी मीच कपाशेजारी गोळी ठेवते, आणि मग संध्याकाळी जिन्यावर यांची पावलं वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला. इकडे झटका, तिकडे शिडी. मला झोप नाही, भाऊजी. काल मी एका गावाची पूर्ण पिशवी दुसऱ्याच गावाला पाठवली, असं माझ्या हातून इतक्या वर्षांत झालेलं नाही.

तुम्ही शिकलेले आहात, हे तुमचंच काम आहे. निम्मं म्हणजे कशाचं निम्मं, ते मला सांगा. टक्के नकोत. शंभर माणसं उभी करा आणि बोटाने दाखवा. आणि चक्करही त्याच शंभरांत दाखवा.

वहिनी

---

१८ मार्च

वहिनी,

आधी कामाचं. गोळी एकदम बंद करू नका. पण डॉक्टरांची भेट होईपर्यंत दादाने शिडीवर पाय ठेवायचा नाही, यात तडजोड नाही. आणि त्याने डॉक्टरांना जाऊन तीन गोष्टी सांगायच्या: चक्कर येते, पाय लटपटतात, आणि मी दिवसभर उंचावर काच धरून उभा असतो. माझी खात्री आहे की यातलं एकही त्याने तिथे तोंडातून काढलेलं नाही.

आता तुमची शंभर माणसं. दादाच्या वयाची, रक्तदाब असलेली, अशी शंभर माणसं घ्या. ही नवी गोळी न घेता पाच वर्षं गेली, तर त्यांतल्या चौघांना झटका येतो. पन्नास नाही, वहिनी. चार. गोळी घेतली तर दोघांना येतो. चाराचे दोन झाले, म्हणून 'निम्म्याने कमी'. वाक्य खोटं नाही. पण ते वाचून तुम्ही पन्नास माणसं मनात आणलीत आणि महिनाभर झोपला नाहीत, आणि ते वाक्य माझं आहे.

चक्कर. ज्यांना खोटी, म्हणजे नुसत्या पिठाची गोळी दिली होती, त्यांच्यातही शंभरात चौघांना चक्कर आली. खऱ्या गोळीवाल्यांत अकरा जणांना. म्हणजे गोळीमुळे आणखी सात. एका बाजूला दोन वाचले, दुसऱ्या बाजूला सात गरगरले. या दोन गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत. झटका तो झटका. पण त्या पानावर एकीला मी 'निम्म्याने' म्हटलं आणि दुसरीला बाईंनी 'काही' म्हटलं. माझं माप चक्करला लावलं असतं तर 'जवळजवळ तिप्पट' असं छापून आलं असतं आणि कोणी गोळीला हात लावला नसता. तेही बरोबर झालं नसतं.

तुमचं पत्र घेऊन मी कपाटाला वळसा घालून बाईंकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सहा वर्षं आपण एक पान लिहितोय, आणि मी ते पूर्ण पान आज पहिल्यांदा वाचलं." मीही वाचलं नव्हतं. मी माझं अर्धं तपासून देतो, त्या त्यांचं. जोडलेलं पान फक्त टंकलेखक बघतो, आणि त्याला ओळींच्या मधली जागा बघायची असते. दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसू नये म्हणून केलेली सोय, आणि तिनेच आमचा घात केला. आम्ही जमिनीवर बसून मूळ अभ्यास पसरला आणि प्रत्येक आकडा शंभरावर आणला.

सौम्य या शब्दाचंही कळलं. त्या अभ्यासातली बहुतेक माणसं घरी बसलेली, कष्टाचं काम नसलेली. चक्कर आली की ती खुर्चीत टेकायची आणि थोड्या वेळाने बरं वाटायचं. त्यांच्यापुरती ती सौम्यच होती. त्यांच्यात शिडीवर कोणी नव्हतं. मी काच बसवणाऱ्याचा भाऊ आहे आणि मला हे सुचलं नाही.

दादाला आकडे सांगून उपयोग नाही, काचेवरच्या मापासारखा तो आकडा बोटाने पुसतो. म्हणून सोबत चित्र काढून पाठवलंय. शंभर खिडक्यांची इमारत, दोनदा. पहिली गोळी न घेणाऱ्यांची: चार काचा फुटलेल्या. दुसरी गोळी घेणाऱ्यांची: दोन फुटलेल्या. ज्या खिडक्यांवर आडव्या रेघा आहेत ती चक्कर आलेली माणसं, पहिलीत चार, दुसरीत अकरा. बाबांना झटका आलेला असल्यामुळे दादाच्या इमारतीत चाराहून जास्त काचा फुटू शकतील. किती, ते डॉक्टरच सांगू शकतात, मी नाही.

आणि त्याला सांगा, दोन निम्मे मिळून पूर्ण होत नाही. निम्म्याचं निम्मं गेलं की पाव उरतोच. मिठाची बरणी उचला आणि त्याला चालायला पाठवा.

तो रागावला तर माझ्याकडे बोट दाखवा. मला चालेल.

धाकटा

---

२७ मार्च

भाऊजी,

चार. मी तो आकडा कचेरीत वाचला आणि मागच्या खोलीत पिशव्यांवर जाऊन बसले. माझ्याबरोबरची बाई म्हणाली, काय हो, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, शेहेचाळीस माणसं परत आली. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. त्या रात्री मी गाढ झोपले.

चित्र यांच्यापुढे ठेवलं. आधी तुमचा उद्धार झाला. खिडक्यांना चौकट नाही, खालच्या मजल्याची उंची वरच्याहून कमी, या माणसाने आयुष्यात इमारत पाहिलीय का, वगैरे.  मग त्या दोन इमारतींच्या खिडक्या एकेक करून मोजल्या. चक्करच्या खिडक्यांवर बोट फिरवलं आणि मला विचारलं, "या अकरांत मी आहे ना?" मी म्हटलं, आहात.  भागीदाराला निरोप पाठवला की या आठवड्यात वर तू जा.

दोन दिवसांनी मी कामावर असताना एकटेच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले, चित्र खिशात घालून. काय झालं, काय ठरलं, ताकास तूर लागू देत नाहीत. विचारलं की म्हणतात, बघू. मीठ मात्र कमी केलंय आणि काल स्वतःहून चालायला गेले, मला न सांगता, जसं काही चोरी करायला निघालेत.

गोळी आता मी कपाशेजारी ठेवत नाही. त्यांची त्यांनी घ्यावी किंवा न घ्यावी. गोळ्यांचं पाकीट उघडून बघायचा मोह होतो, पण बघत नाही. त्यांच्या मनात काय आहे ते तुम्हाला काही कळलं तर कळवा. तुम्ही एका रक्ताचे आहात.

वहिनी

---

४ एप्रिल

वहिनी,

शेहेचाळीस माणसं परत आली, हे वाक्य मी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत घेऊन आल्या.

बैठकीत साहेब चांगलेच तापले होते. 'निम्म्याने' म्हटलं की डॉक्टर पान वाचतो, 'शंभरात दोन' म्हटलं की केराच्या टोपलीत टाकतो, असं त्यांचं म्हणणं. बाई बैठकीत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "दोनच आहेत तर दोनच दिसू द्या. घ्यायचं की नाही ते ज्याच्या पोटात गोळी जाणार आहे तो ठरवेल."  साहेबांनी तुमचं वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं की ही बाई कोण. मी म्हटलं, माझी वहिनी. मग घोडं जरा पुढे सरकलं. ते पान परत मागवायचं, त्याच डॉक्टरांना नवं पाठवायचं, आणि यापुढे फायदा आणि तोटा एकाच मापात लिहायचा, तोही दोघांनी मिळून. छापण्याआधी रुग्णांना वाचायला देऊन त्यांना काय कळलं ते विचारायचं. सध्या काही महिने करून बघू म्हणाले. फलकावरचं पान मी स्वतः टाचण्या काढून उतरवलं. बढतीचं कोणी आता बोलत नाही, आणि गंमत म्हणजे मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाहीये. मधलं कपाट आम्ही भिंतीला लावलं. बाई दुपारी खिडकीतून बाहेर बघत गाणं गुणगुणतात हे मला सहा वर्षांनी कळलं.

दादाचं म्हणाल तर मला वाटतं, तो गोळी सोडेल. त्याने सोडावी असं मलाही आता वाटायला लागलंय. शंभरात दोघांसाठी रोज गरगरायचं आणि हातचं काम घालवायचं, मी तर घेतली नसती. त्याला एवढंच सांगा की माझ्या नावाकडे बघून घेत राहू नकोस. मी चूक लिहिलं नव्हतं, पण त्याला कळेल असंही लिहिलं नव्हतं, आणि त्याच्या पायाखाली शिडी होती. त्याला काही झालं असतं तर मी पुन्हा त्या घराची पायरी कशी चढलो असतो, हा विचार डोक्यातून जात नाही.

धाकटा

---

१३ एप्रिल

धाकट्या,

मला काच कापायची सवय आहे, पत्र लिहायची नाही. तुकडे वाकडेतिकडे निघाले तर चालवून घे.

तुझा आणि तुझ्या वहिनीचा पत्रव्यवहार मला पहिल्या पाकिटापासून माहीत आहे. तुझी पत्रं ती पर्समध्ये ठेवते आणि पर्स स्वयंपाकघरात विसरते. मी वाचली नाहीत. शेवटचं तिनेच मला वाचायला दिलं, म्हणून हे लिहितोय.

डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावल्या. शिडीचं आधी का नाही सांगितलंत, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. त्यांनी कागद काढून बघितला तर माझ्या नावापुढे धंदा म्हणून 'दुकान' एवढंच लिहिलेलं. मग त्याही हसल्या. तुझं चित्र त्यांनी हातात घेतलं आणि पेन्सिलीने पहिल्या इमारतीत आणखी दोन काचा फोडल्या आणि दुसरीत एक. तुमच्या वडिलांमुळे तुमच्या इमारतीत सहा धरा, गोळीने तीन, असं सांगितलं. गोळी कमी ताकदीची दिली आणि झोपताना घ्यायला सांगितलं. कमी ताकदीने तीनच राहतील की चार होतील, ते मला नक्की माहीत नाही, असं स्वतःहून म्हणाल्या. मला ते आवडलं. माहीत नाही असं मला आजवर एकाही डॉक्टरने सांगितलेलं नाही.

चक्कर कमी झालीय, गेलेली नाही. तेव्हा शिडी सोडली. भागीदाराला सांगितलं की यापुढे वरचं काम तुझं, खाली कापणं आणि घासणं माझं. तोंडाने सांगून टाकलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. वर उभं राहून एवढी मोठी काच चौकटीत बसवतो तेव्हा जे वाटतं ते मी तुला समजावू शकणार नाही. खूप राग आला, तुझा नाही, कोणाचा ते माहीत नाही. आता खाली उभा राहून काचेच्या कडेला त्याची पुट्टी कशी वाकडी लागलीय ते ओरडून सांगतो. त्यातही मजा आहे.

तू वहिनीला लिहिलंस की दादा गोळी सोडेल, शंभरात दोघांसाठी कोण घेईल. तू हुशार आहेस, पण तू तेव्हा शिकायला मामाकडे होतास. तुला त्या दोन खिडक्या आहेत. त्यांतल्या एका खिडकीच्या आत मी नऊ वर्षं होतो.

बाबांचं डोकं पूर्ण शाबूत होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. फक्त बोलता येत नव्हतं. मी विचारायचो, चहा? पाणी? कूस बदलू? खिडकी लावू? हो असेल तर ते डोळे मिटायचे. एकदा दुपारभर मी विचारत होतो आणि ते डोळे उघडेच ठेवत होते, आणि त्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. संध्याकाळी कळलं की चादरीची घडी पाठीला रुतत होती. एवढंच. ते मला कोणी आकड्यात सांगू नये.

भागीदाराला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मी नसती घेतली. त्याची पोरं लहान आहेत आणि शिडीशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. त्याचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. आधी मी गोळी घेत होतो कारण तू लिहिलं होतंस. आता तू नको म्हणतोयस तरी घेतोय. तेव्हा तू काही मनाला लावून घेऊ नकोस. तू पान बदललंस, कपाट सरकवलंस, ते मला फार बरं वाटलं. तोंडावर म्हणता आलं नसतं, म्हणून इथे लिहितो. सुट्टी काढून ये, आणि कागदावर खिडकी कशी काढतात ते तुला शिकवतो.

बाबा नऊ वर्षं डोळे मिटून हो म्हणाले. मला माझं हो आणि माझं नाही तोंडाने म्हणायचंय. गोळी मी घेणार आहे.

दादा